रोमची रंगीत तालीम

सावधानरावांच्या घरी युरोपला जायचं ठरलंय, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. युरोपात नेमकं कुठं जायचं ते ठरलेलं नाही, हेही अख्ख्या इमारतीला माहीत होतं, आणि ते ठरवून देणं हे आपलंच काम आहे अशी इमारतीची प्रामाणिक समजूत होती.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते रंगाच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागली तर कुणी कुठल्या दारानं पळायचं, हे ठरवणं त्यांचं काम. कारखान्यात आग काही लागत नव्हती. त्यामुळे लोकांची पळायची सवय मोडू नये म्हणून ते अधूनमधून खोटी आग लावत. म्हणजे, लागली आहे असं जाहीर करत आणि शिट्टी वाजवत. याला ते ड्रिल म्हणत. त्यांच्या आयुष्याला दोनच नियम होते. जे खरं करायचं आहे ते आधी एकदा खोटं करून बघावं, हा पहिला. आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत ड्रिल मोडू नये, हा दुसरा. दुसऱ्या नियमाच्या बाबतीत तर ते इतके कडक होते की, एकदा जखमी कामगाराची भूमिका स्वतःकडे घेऊन ते स्ट्रेचरवर आडवे झाले, आणि इस्पितळात कुणी कल्पनाच न दिल्यामुळे पायाला प्लास्टर घालून परत आले. शिट्टी त्यांच्याच गळ्यात होती, नाही असं नाही. पण जखमी माणूस शिट्टी कशी वाजवणार? तेव्हापासून ड्रिलच्या दिवशी शिट्टी दुसऱ्याकडे द्यायची, एवढी सुधारणा त्यांनी केली. तिसरा नियम करावा असं त्यांना वाटलं नाही.

आता, युरोपच का? तर लेकीमुळे.

लेकीला सोळावं लागलं होतं आणि तिचं बोलणं हळूहळू बंद होत आलं होतं. पूर्वी ही मुलगी शाळेतून आली की चपला काढायच्या आधी दोन भांडणं आणि एक गुपित सांगून मोकळी व्हायची. आता तिच्याकडे तीनच उत्तरं उरली होती : ‘हं’, ‘माहीत नाही’ आणि ‘कुठेही’. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार होती. त्याआधी तिच्या तोंडून निदान एक पूर्ण वाक्य ऐकावं, शक्य झालं तर क्रियापदासकट, एवढीच सावधानरावांची इच्छा होती. त्यांचा हिशोब सरळ होता. परक्या मुलखात तिच्या ओळखीचं दुसरं कुणीच नसणार. मग ती बोलणार कुणाशी? आपल्याशीच! हा बेत त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. बायकोला तो पहिल्याच दिवशी कळला होता.

“रोम,” सावधानराव जेवताना म्हणाले. “सुरक्षेच्या दृष्टीनं रोमसारखं शहर नाही. जे पडायचं होतं ते सगळं पडून गेलंय.”

“आणि ते दगडी रस्ते?” बायको म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि जगाकडे साधारण गुडघ्याच्या उंचीवरून बघायची. “चार दिवस तिथं चाला आणि मग माझ्याकडे या. बिल लावीन. त्यापेक्षा व्हिएन्ना घ्या. ट्राम आहेत, बागा आहेत, बाकं आहेत.”

“बाकांवर बसायला युरोपला जायचं?”

“अहो, पंचेचाळिशीनंतर लोक त्यासाठीच जातात.”

“मग आम्स्टरडॅम?”

“सायकली आहेत तिथं. गुडघ्याला उत्तम.”

“कालवे आहेत,” सावधानराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. “फोटो बघितलेत मी. कठडे कुठं दिसत नाहीत.” आम्स्टरडॅम तिथंच बाद झालं. मग त्यांनी आवाज शक्य तितका सहज केला. सहज आवाजाचीही त्यांनी न्हाणीघरात तालीम केली होती. “तुला काय वाटतं गं?”

“कुठेही,” लेक म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पॅकेजकाका आले. हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. ते एकदा सहल कंपनीबरोबर अख्खा युरोप करून आले होते आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्याला एक अधिकार आला होता.

“पॅरिस कसं आहे काका?” सावधानरावांनी विचारलं.

“पॅरिस ना? जिना उतरून उजवीकडे. स्वच्छ. नळाला गरम पाणी.”

“आणि प्राग?”

“प्रागला रांग होती.”

“नाही, मी शहराबद्दल विचारतोय.”

“अहो, शहराला उतरवतातच कुठं? उतरवतात ते फक्त स्वच्छतागृहापाशी. तो मोठा मनोरा होता खरा, पण तो बसच्या डावीकडून गेला आणि माझी खिडकी उजवीकडची.” पॅकेजकाकांनी सुस्कारा सोडला. “पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. हॉटेलला लिफ्ट नसते. पासपोर्टची झेरॉक्स मोज्यात ठेवायची. आणि आपली भाषा तिथं कुत्रं समजत नाही. हातवारे करा. मी करायचो. प्रत्येक देशात नीट पोचलो.”

कुठं पोचले ते सावधानरावांनी विचारलं नाही.

तिकडे व्हिसाच्या कचेरीत वेगळीच गंमत. काचेपलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “देश?”

“ठरतोय.”

“देश ठरल्याशिवाय तारीख मिळत नाही.”

“तारीख कुठल्या देशाची आहे ते सांगा, म्हणजे आम्ही तो ठरवतो.”

“ते देश सांगितल्यावर दिसतं.”

“बरं, रोम बघा.”

“रोम हा देश नाही.”

सावधानराव दुखावले. भूगोलात त्यांना चांगले मार्क असायचे. पण बाईंनी तोवर टकटक करून पाहिलं होतं. “नाही. रोमवाल्यांच्या तारखा संपल्या.”

“मग व्हिएन्ना?”

“व्हिएन्नाची एक होती. तुम्ही रोम विचारत होतात ना, तेवढ्यात गेली.” बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत सहानुभूती अजिबात नव्हती. “सोमवारी नव्या येतील. घरून ठरवून या. इथं उभं राहून युरोप ठरवू नका, मागे लोक आहेत.”

म्हणजे सोमवारच्या आत शहर ठरवायचं. लेकीला विचारून काही उपयोग नव्हता, बायकोला विचारलं की गुडघे मध्ये येत होते. अशा वेळी माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. सावधानरावांनी ड्रिल जाहीर केली.

पहिली ड्रिल इमारतीतच झाली. विषय : लिफ्ट नसलेल्या हॉटेलातून सामानासकट बाहेर पडणे. तीन मोठ्या बॅगांमध्ये जुनी पाठ्यपुस्तकं भरली. बायकोनं बॅग गुडघ्यातून वाकून शास्त्रशुद्ध उचलली. लेकीनं कानाला हेडफोन लावून उचलली. सावधानरावांनी दोघींना सूचना देत देत उचलली, आणि “कठडा सोडू नका” असं सांगण्यासाठी हात वर केला तेव्हा त्यांची सुटली. चाकांची बॅग होती. ती एकटीच दोन मजले उतरली, वळणावर जराशी थांबली, जणू विचार केला, आणि मग थेट सचिवांच्या दारावर गेली. इमारतीच्या सचिवांनी ‘कोण आहे?’ म्हणून दार उघडलं. बॅग आत आली.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली : ‘जिन्याचा वापर परदेश प्रवासासाठी करू नये.’ सावधानरावांनी रीतसर परवानगीचा अर्ज केला. सचिवांनी तो परत पाठवला, कारण ‘कोणत्या शहराची ड्रिल’ याचा त्यात उल्लेख नव्हता. शहर ठरवण्यासाठीच ड्रिल आहे, असं सावधानरावांनी कळवलं. शहर ठरल्यावर अर्ज करावा, असं सचिवांनी कळवलं. व्हिसावाल्या बाई आणि सचिव हे नक्कीच एकमेकांचे कुणीतरी लागत असणार, असं सावधानरावांचं मत झालं.

मग राहता राहिला रविवार. नदीपलीकडच्या जुन्या बाजारात त्यांच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. अरुंद गल्ल्या, दगडी फरशी, प्रत्येक वळणाला तीन फाटे. “हे आपलं रोम,” घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभं राहून सावधानरावांनी जाहीर केलं. “फोन बंद करायचे, परदेशात आपलं इंटरनेट बंद पडू शकतं. तिघांनी तीन दिशांना जायचं, हरवायचं आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन भेटायचं. आपल्याला इथली भाषा येत नाही. एकही शब्द बोलायचा नाही. शिट्टी आईकडे. तिघं जमलो की ती वाजवेल. जमलं तर रोम, नाही जमलं तर व्हिएन्ना.”

“म्हणजे मी एकटीनं जायचं?” लेकीनं विचारलं.

सावधानराव दचकले. क्रियापद होतं! पण ते अधिकृत कामावर असल्यामुळे भावनेला वाव नव्हता. “घाबरू नकोस. हरवलीस तर आहेस तिथंच थांब. मी शोधत येईन.”

“हं,” लेक म्हणाली. तोवर ती निघालीही होती.

पहिल्या दहा मिनिटांत सावधानरावांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आपण हरवलो आहोत. दुसरी म्हणजे वाचनालय हे हातवारे करून विचारणं सोपं नाही. त्यांनी एका कुलूपवाल्यासमोर उभं राहून दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले. कुलूपवाल्यानं त्यांच्या ओंजळीत तांब्याभर पाणी ओतलं. ते झटकून त्यांनी पुन्हा तळवे उघडले आणि या वेळी डोळे बारीक करून, ओळीवरून नजर फिरवून वाचनाचा अभिनय केला.

“हां, हां!” कुलूपवाल्याचा चेहरा उजळला. “असं होय! या माझ्याबरोबर.” आणि त्यानं सावधानरावांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं.

चष्मेवाले कामाला वाघ होते. विचारपूस होण्याआधीच सावधानरावांच्या नाकावर ती लोखंडी चौकट बसली. “समोरच्या फळ्यावरचं वाचा,” चष्मेवाले म्हणाले. सावधानरावांना फळ्यावरचं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. पण पर्यटकाला इथली अक्षरं कुठून येणार? त्यांनी नम्रपणे खांदे उडवले. चष्मेवाल्यांनी भिंग बदललं. पुन्हा खांदे. आणखी जाड भिंग. पुन्हा खांदे. शेवटी चष्मेवाल्यांनी फळ्यावरचं सगळ्यात मोठं, वाटीएवढं अक्षर छडीनं दाखवलं. आता काही दाखवायचं म्हणून सावधानराव हसले.

“अरे बापरे,” चष्मेवाले म्हणाले. “डोकं दुखतंय का?”

सावधानरावांनी मान हलवली. परदेशी माणूस कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणून मान हलवतो.

“हाताला मुंग्या येतायत?”

मान हलली.

“स्वतःचं नाव आठवतं?”

इथं त्यांनी खांदे उडवले, तोचतोचपणा नको म्हणून. आणि तिथं प्रकरण हाताबाहेर गेलं. दुकानात माणसं जमली. कुणी म्हणालं झटका आलाय, कुणी म्हणालं घरच्यांनी सोडून दिलेला दिसतोय, एका आजींनी त्यांचे पाय चोळायला घेतले, आणि बूट काढल्याबरोबर मोज्यातून घडी केलेली पासपोर्टची झेरॉक्स निघाली. ती इतकी घामेजली होती की नाव पुसलं गेलं होतं आणि फोटोतल्या माणसाला फक्त कान उरले होते. “कान यांचेच आहेत,” आजी म्हणाल्या.

खरं म्हणजे इथं एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण एक तर शिट्टी झालेली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, आता बोलायचं तरी काय? ज्या माणसानं तुमच्यासाठी नऊ भिंगं बदलली, त्याला ‘मला सगळं दिसतंय आणि मी इथलाच आहे’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? काही खोटी कामं एका ठराविक मर्यादेपलीकडे गेली की ती खरी करणंच जास्त सभ्यपणाचं असतं. प्लास्टरच्या वेळीही त्यांना हेच वाटलं होतं.

अशा रीतीनं सावधानरावांची मिरवणूक पोलीस चौकीत पोचली.

हवालदार शांत माणूस होते. त्यांनी चहा मागवला आणि चष्मेवाल्यांचं ऐकून घेतलं. “नजर गेलीय, वाचा गेलीय, अक्षरओळखसुद्धा गेलीय,” चष्मेवाले कळवळून म्हणाले. “माझ्या उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नाही.”

“यांच्या टीशर्टवर काय लिहिलंय?” हवालदारांनी विचारलं.

“‘सुरक्षा आपल्या हाती.’ पाठीवर नंबर आहे. आपत्कालीन संपर्क.”

हवालदारांनी नंबर लावला. तो नंबर सावधानरावांचा स्वतःचा होता, कारखान्यातली सगळी आपत्ती त्यांच्याकडेच यायची, आणि फोन त्यांच्याच खिशात बंद करून ठेवलेला होता. “बंद लागतोय,” हवालदार म्हणाले. “अशी ही सुरक्षा.”

सावधानरावांनी खाली मान घातली. वीस वर्षांच्या नोकरीत एवढं अचूक कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात दारात लेक उभी राहिली. धापा टाकत होती, केस विस्कटले होते, हातावर कसलासा काळा डाग होता. तिनं एक नजर वडिलांकडे टाकली : नाकावर चौकट, एक पाय अनवाणी, भोवती पंधरा माणसं.

“काय गं पोरी,” हवालदारांनी विचारलं, “हे तुझे कुणी लागतात का?”

लेकीनं कपाळावरचे केस मागे सारले. या मुलीनं गेलं वर्षभर बाजारात, बसमध्ये, शाळेच्या दारात आपण एकमेकांना ओळखत नाही असंच दाखवलं होतं. आता तर सरकारी माणूस विचारत होता. ‘माहीत नाही’ म्हणाली असती तर तिला दोष कोण देणार होतं?

“बाबा आहेत,” लेक म्हणाली. “माझे.”

“अरेरे,” चष्मेवाले म्हणाले. “कधीपासून असे आहेत?”

“माझ्या लहानपणापासून.”

मग तिनं हवालदारांना सगळं सांगितलं. रोम, व्हिएन्ना, जिना, बॅग, शिट्टी. एका दमात. सावधानराव थक्क होऊन ऐकत होते. क्रियापदांची नुसती रांग लागली होती.

“म्हणजे यांना कळतंय सगळं?” हवालदार.

“सगळं. पण शिट्टी आईकडे आहे, आणि आई वाचनालयाच्या पायऱ्यांवर एका आजोबांचा गुडघा दाबत बसलीय. ती येईपर्यंत हे बोलणार नाहीत. हे तिथं आले नाहीत म्हणून मी परत घड्याळापाशी गेले आणि तिथून इथवर विचारत आले, हातवारे करणारे गृहस्थ बघितलेत का म्हणून. सगळ्यांनी बघितले होते.”

“मी चष्म्याचा नंबर काढला यांचा!” चष्मेवाले दुखावल्या सुरात म्हणाले.

लेकीनं स्टूल ओढलं आणि वडिलांच्या समोर बसली. “बाबा, काय रे हे?”

एरवी या जागी सावधानराव बोलत. तीन सूचना देत, एक उदाहरण देत, आणि लेक ‘हं’ म्हणून उठून जाई. आज ती जागा रिकामीच राहिली. लेकीनं वाट बघितली. मग तीच बोलू लागली.

“तुला माहितीय मी ‘कुठेही’ का म्हणते? काही म्हटलं की तू लगेच त्याची ड्रिल घेतोस. पोहायला जाते म्हटलं, तर आठवडाभर बादलीत तोंड घालून श्वास धरायला लावलास. मैत्रिणीकडे राहते म्हटलं, तर आधी जाऊन तिच्या घराच्या खिडक्या उघडतात का ते बघून आलास. तिची आजी अजून विचारते, ते खिडकीवाले काका बरे आहेत ना?”

हवालदारांनी हसू चहात बुडवलं.

“आज मी दोनदा चुकले,” ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बदलला. “एका गल्लीत नुसते जुने पियानो होते, बाबा. एक माणूस एकेक पट्टी काढून पुसत बसला होता. मी हातानंच विचारलं, वाजवू का? त्यानं ती पट्टी परत बसवून दिली माझ्यासाठी. मग त्यानं मला तेल लावायला शिकवलं, हा बघ डाग. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मी कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. इतकं भारी वाटलं ना!”

सावधानरावांनी डाग बघितला. तेल ज्वलनशील असणार, असं त्यांच्या मनात आलंच. पण ते मनातच राहिलं.

“मला रोम चालेल, व्हिएन्ना चालेल. कुठेही म्हणजे खरंच कुठेही. फक्त एक दुपार मला एकटीला सोडायचं. मग रात्री जेवताना मी तुम्हाला सगळं सांगीन, अगदी सगळं. तू म्हणतोस ना, ही बोलत नाही? अरे, दिवसभर तू शेजारीच असतोस. तुला सगळं आधीच दिसलेलं असतं. मग मी सांगू काय?”

पंधरा माणसं आणि एक हवालदार सावधानरावांकडे बघत होते.

“सोडशील?” लेकीनं विचारलं.

सावधानरावांच्या जिभेवर सगळं एकदम आलं. ट्राम. पाकीटमार. कठडे. अनोळखी पियानो. वर्षानुवर्षांची सवय, एकेक मुद्दा हात वर करून उभा होता. पण ड्रिल चालू होती, आणि भाषा न कळणाऱ्या माणसाकडे मुद्दे नसतात. त्याच्याकडे एकच गोष्ट असते. सावधानराव जरा वेळ लेकीच्या हातावरच्या डागाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हसून मान हलवली.

“हलवली!” लेक किंचाळली. “काका, बघितलीत ना तुम्ही?”

“बघितली,” हवालदार म्हणाले. “मी साक्षीदार. आणि काय हो चष्मेवाले?”

“अगदी स्पष्ट दिसली,” चष्मेवाले म्हणाले, आणि बऱ्याच वेळानं त्यांचं थोडं समाधान झालं.

“मग शहर कुठलं लिहू?” हवालदारांना आता प्रकरण मिटवून टाकायची घाई झाली होती.

“व्हिएन्ना,” लेक म्हणाली. “आईचे गुडघे सांभाळायला हवेत. आणि बाकं आहेत तिथं. मी येईपर्यंत बाबांना बसायला.”

सावधानरावांना राहवेना. “पण एखाद्या पुलाला जर कठडा—”

हवालदारांनी शांतपणे चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. “साहेब,” ते म्हणाले, “तुम्हाला आमची भाषा येत नाही.”

सावधानरावांनी तोंड मिटलं आणि चहा प्यायला सुरुवात केली.